किनवटचे अठ्ठ्याण्णव टक्के

१

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी कोणाकोणावर उगाच ओरडलो, ते वाचताना तुम्हाला नवल वाटायला नको.

मे महिन्याचा शेवटचा सोमवार. लातूरच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या आधी मीच येतो. कुलूप काढलं, मागच्या व्हरांड्यात गेलो आणि ओली गोणपाटं उलगडायला बसलो. तसा मी इथला मॅनेजर, अण्णाराव म्हणून सगळे ओळखतात, पण ही गोणपाटं मी दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही.

सोयाबीनचं घरचं बी पेरायचं तर ते उगवतं का, हे आधी बघावं लागतं. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत मांडायचे, गुंडाळून ठेवायचे आणि सहा दिवस पाणी शिंपायचं. उलगडल्यावर सत्तराच्या वर मोड दिसले तर बी चांगलं. आमच्या कंपनीचं ‘उगवण’ नावाचं ॲप हेच काम करतं. घरची बाई गोणपाटाचा फोटो काढते, ॲप फोटोतले मोड ओळखतं आणि टक्के सांगतं. दर हंगामात पाच घरांचं तेच बी मागवून मी स्वतः हातानं पुन्हा तपासतो. मशीनवर आपला आंधळा विश्वास नाही.

रेणापूरचं बी उलगडलं. ॲप म्हणत होतं एक्क्याऐंशी, मी मोजले ऐंशी. निलंग्याचं ॲपवर सत्त्याहत्तर, माझे शहात्तर. झकास. मग किनवटचं पहिलं गोणपाट उलगडलं. ॲपवर अठ्ठ्याण्णव. मी मोजले, बावन्न. पुन्हा मोजले. चष्मा पुसून मोजले. बावन्नच! किनवटचं दुसरं सत्त्याण्णवच्या जागी अठ्ठावन्न, तिसरं अठ्ठ्याण्णवच्या जागी एकसष्ट.

मी ॲपवरची यादी उघडली. किनवट तालुक्यातल्या एक्केचाळीस घरांना ॲपनं ‘बी उत्तम, खुशाल पेरा’ असं सांगितलं होतं. पेरणीला उरले होते पंधरा दिवस. त्या घरांनी हे बी पेरलं तर निम्मं मातीतच कुजणार आणि हंगाम हातचा जाणार.

रेणापूर बरोबर, निलंगा बरोबर, फक्त किनवट चूक. असं आपोआप होतं होय? आकडे कोणीतरी मुद्दाम फिरवले होते, आणि फिरवणारा आमच्या चार भिंतींतलाच होता, अशी माझी खात्री पटली.

२

मल्लिकार्जुन आप्पा आमचे मालक, मूळचे निलंग्याचे. २००७ साली त्यांनी हे काम सुरू केलं तेव्हा बायांनी नुसता मिस कॉल द्यायचा आणि इकडून आम्ही फोन करून विचारायचं, अशी रीत होती. मग मेसेज आले. मग मोबाईलवरचं ॲप आलं, त्यात बाई आकडा भरायची. या वर्षीपासून फोटो बघून मशीनच मोजतं. दर पाच-सहा वर्षांनी कोणीतरी शहाणा शहरातून यायचा आणि सांगायचा, ‘आप्पा, जग बदललं, तुमचं दुकान आता बंद होतंय.’ आप्पा त्याला चहा पाजायचे, जेवू घालायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवं शिकायला पोरांच्या शेजारी जाऊन बसायचे. मी तोंडावर कुरकुर करायचो, पण मनात म्हणायचो, मर्द गडी आहे बाबा.

त्या दिवशी मात्र आप्पांचा चेहरा पडला.

“अण्णा, आत्ताच्या आत्ता बायांना सांगून टाकू, ॲप चुकलं म्हणून.”

“आणि खरं किती ते?” मी विचारलं. “एक्केचाळिसांत एखादीचं बी खरंच चांगलं असलं तर? नुसतं चुकलं म्हटलं तर ती बिचारी सोन्यासारखं बी फेकून देईल. नव्यानं तपासायचं तर सहा दिवस गोणपाटाला, चार दिवस गावोगाव फिरायला. आणि आकडे फिरवणारा आतलाच असला तर तो पुन्हा फिरवंल!”

आप्पांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, “उद्या संध्याकाळपर्यंत कळलं पाहिजे. न्हाईतर नवं ॲप बंद. धुरपताबाईला बोलवा.”

धुरपताबाई आमच्या फोनवर बसते. रेणापूरची, अठ्ठावन्न वर्षांची, सातवी पास. अठरा वर्षं तिनं चार तालुक्यांतल्या बायांचे फोन घेतलेत. फोन लागला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, “राम राम माय, किती मेले?” एकदा हैदराबादहून आलेला पाहुणा समोर बसला होता, तो पांढराफटक पडला. बाई मेलेल्या दाण्यांचं विचारतेय, हे त्याला पटवून देईपर्यंत त्याचा चहा निवला.

पण बाईचं डोकं असं चालतं की इंजिनीअर लोकांनी हात जोडावेत. तीन वर्षांमागं एका गावाची माहिती दर गुरुवारी यायची बंद व्हायची. पोरं पंधरा दिवस सर्व्हर उलटासुलटा करत बसली. बाईनं एका दमात सांगितलं, “गुरुवारी तिथं बाजार असतो. घरात फोन एकच, तो घरधन्याच्या खिशातनं बाजाराला जातो.” विषय खलास.

आताही तिनं सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि म्हणाली, “पैले दयानंदाला बोलवा. पिशव्या त्यानंच आणल्यात.”

३

दयानंद हा किनवटच्या गावांतून फिरणारा आमचा माणूस. राहायला नांदेडला, अर्धं आयुष्य एसटीत. तो यायच्या आधीच मला एक गोष्ट आठवली आणि मी टेबलावर हात आपटला.

“याच्या साडूचं किनवटात बियाण्याचं दुकान आहे! सापडला चोर.”

“अण्णा, जरा दमानं घ्या,” धुरपताबाई म्हणाली. “दुकानदाराचा फायदा कशात? घरचं बी खराब निघालं तरच बाया दुकानात जाणार. इथं तर खराब बी चांगलं म्हणून दाखवलंय. साडूचं दुकान बुडवायचं असलं तरच दयानंद असं करील.”

मी डोकं खाजवलं. मग म्हटलं, “पिशव्या वाटेत बदलल्या असतील.”

“पिशव्यांच्या गाठी कोणी सोडल्या?”

“मीच. घरच्या बाईनं मारलेली गाठ तशीच होती. दातानं सोडावी लागली.”

“मंग झालं की.”

दयानंद आला. घामाघूम झालेला. बावन्न ऐकून त्यानं खांद्यावरची पिशवी तशीच खाली टाकली. “बाई, त्या घरांत मी जेवलेलाव. त्यांचं बी मी कशाला खराब करू?”

“तुला कोण म्हणायलंय? मला एवढंच सांग, फोटो कोण काढतं?”

“बायाच काढतात. मी नुसता बाजूला उभा. लई व्यवस्थित काम त्यांचं. मी पोचायच्या आधी गोणपाट उलगडून साफ केलेलं, बाजूला ताटली ठेवलेली, फोन पदराला पुसून तयार. रेणापूरच्या बाया एवढ्या टापटिपीच्या न्हाईत, राग मानू नका.”

धुरपताबाई रेणापूरची. ती नुसती हसली. ताटलीत कपबशा असणार, असं मी धरून चाललो. जाईल तिथं चहा पिणारा माणूस तो.

दयानंद सुटला. तेवढ्यात वॉचमननं रजिस्टर आणून माझ्यापुढं ठेवलं. काल रविवार. ऑफिस बंद. तरी सकाळी अकरा ते दुपारी चार, पाच तास एक माणूस आत बसून गेला होता. सही बजरंगची होती.

४

बजरंग आमचा जुना प्रोग्रामर, चोपन्न वर्षांचा. मिस कॉलच्या काळातला पहिला प्रोग्राम त्यानं फॉक्सप्रोमध्ये लिहिला होता. आता ती भाषा पोरांना नावानंही माहीत नाही. नवं ॲप करिश्मानं लिहिलं. करिश्मा देगलूरची, नांदेडला इंजिनीअरिंग केलेली, सव्वीस वर्षांची. ती आल्यापासून बजरंगच्या टेबलावर काम उरलं नव्हतं, पण सर्व्हरचा पासवर्ड मात्र त्याच्याकडं होता.

आता सांगा, तुम्ही असता तर काय समजला असता? मी तेच समजलो आणि आप्पांच्या देखत ओरडलो.

“पोरीचं नाव खराब करायला एक्केचाळीस घरं बुडवतोस? लाज न्हाई वाटत?”

बजरंग लालबुंद झाला. धुरपताबाईनं मला हातानं गप्प केलं आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

“बजरंगा, काल जेवलास का न्हाई? पाच तास उपाशी काय करायलास इथं?”

त्यानं पिशवीतून दोनशे पानी वही काढली, शाळेतल्या पोरांची असते तशी. करिश्माचा अख्खा प्रोग्राम त्यानं हातानं उतरून काढला होता आणि प्रत्येक ओळीखाली मराठीत अर्थ लिहिला होता. जिथं कळलं नाही तिथं लाल पेनानं गोल.

“शिकायलो होतो,” तो खाली बघत म्हणाला. “तिला विचारावं तर पोरीच्या वयाची हाय. शरम वाटली. म्हणून रविवारी येतो, वाचतो, जातो. एक अक्षर हलवलेलं न्हाई, आईची आन.”

दारात करिश्मा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सर्व्हरवरची नोंद बघून तिनं सांगितलं, बजरंगनं फाईल फक्त वाचायला उघडली होती. मग हातातलं पाकीट तिनं आप्पांपुढं ठेवलं.

“राजीनामा आहे. कोणी हात लावला नसेल तर चूक माझ्याच प्रोग्रामची. त्या घरांना मी तोंड कसं दाखवू?”

“थांब जरा,” बजरंग म्हणाला. आवाज त्याचा, पण मी असा कधी ऐकला नव्हता. “मी ओळ न् ओळ तपासलीय. तीन महिने हेच करायलाव. चूक न्हाई त्यात. आप्पा, लई सुंदर लिहिलंय पोरीनं. मला असं कधी जमलं न्हाई.”

मला माझ्या ओरडण्याची इतकी लाज वाटली की मी उठून बजरंगला पाणी आणून दिलं. करिश्मा त्याची वही चाळत होती आणि तिचे डोळे भरले होते. लाल गोल दिसला की पेन घेऊन ती तिथंच काहीतरी लिहीत होती.

पण गाडी होती तिथंच. बी तेच, फोटो खरे, प्रोग्राम ठीक, आकड्यांना कोणाचा हात नाही. तरी बावन्नाचे अठ्ठ्याण्णव झाले होते. आणि आता एकच दिवस उरला होता.

५

मंगळवारी सकाळी धुरपताबाईनं करिश्माला मोठ्या पडद्यावर फोटो लावायला सांगितला. ज्या पिशवीचे मी बावन्न मोजले, तिच्याच घरचा. किनवटच्या पलीकडं, जंगलाच्या कडेच्या गावातली नागाबाई.

“माय, यात मशीनला मोड किती दिसले?”

“त्रेपन्न.”

मी उडालोच. “अगं, मी बावन्न मोजले! म्हणजे मशीन बरोबर मोजतंय की. मग हे अठ्ठ्याण्णव आले कुठून?”

“फोटोत एकूण दाणेच चोपन्न आहेत, अण्णा. चोपन्नातले त्रेपन्न म्हणजे अठ्ठ्याण्णव टक्के.”

“शंभर का धरत न्हाई तुझं मशीन?”

“कोणी पन्नास मांडतं, कोणी दोनशे. आम्ही कॉलेजच्या शेतावर फोटो घेतले तेव्हा असंच दिसलं. म्हणून फोटोत दिसतील तेवढेच एकूण धरले. मला वाटलं, किनवटच्या बाया कमी दाणे मांडतात.”

पटण्यासारखं होतं. “म्हणजे नागाबाईनं चोपन्नच मांडले,” मी म्हणालो.

“अण्णा, ओळी बघा,” धुरपताबाई हळूच म्हणाली.

मी जवळ गेलो. ओळी दहाच होत्या. एकीत सहा दाणे, एकीत चार, एकीत पाच, आणि मधेमधे मोकळ्या जागा. दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडासारखं ते गोणपाट दिसत होतं. कमी दाणे मांडायचे तर बाई पाच ओळी मांडील, दहा ओळींत भोकं कशाला ठेवील? आणि मोकळ्या जागी ओल्या गोणपाटावर दाण्याचे ठसे होते. तिथं दाणे होते आणि कोणीतरी ते उचलले होते.

“कोपरा मोठा कर,” बाई म्हणाली.

करिश्मानं कोपरा मोठा केला. स्टीलच्या ताटलीची कड दिसली. दुसरा फोटो लावला, त्यातही ताटली. तिसऱ्यात, चौथ्यात, दहाव्यातही.

धुरपताबाईचा चेहरा उतरला. मी पाणी पुढं केलं, तिनं घेतलं नाही.

“मेलेले दाणे त्या बायांनी उचललेत,” ती म्हणाली. “पण उचलायला लावणारं माणूस ह्याच ऑफिसातलं हाय. आप्पांना बोलवा. सगळ्यांनाच बोलवा.”

६

सगळे जमले. बाई उभी राहूनच बोलली.

“मिस कॉलच्या दिवसांत रेणापूरला मी स्वतः गावोगाव हिंडले. माझाच मुलूख. तिथं बायांशेजारी बसून ओळीनं, दाणा न उचलता मोजायला शिकवलं. निलंगा तर ॲप आल्यावर जोडलं, तिथं फोनवर शिकवायची वेळच आली न्हाई. किनवट लांब पडलं, तिथं माझं जाणं झालं न्हाई. त्या बायांना मी सगळं फोनवर शिकवलं. फोन कानाला, पोर कडेवर, आणि मोड मोजायचे साठ-सत्तर. मधेच गडबडायच्या, पुन्हा एकपासनं सुरू. हैराण व्हायच्या बिचाऱ्या. मंग मीच म्हटलं, माय, मोड मोजतच बसू नका. मेलेले तेवढे उचला, ताटलीत टाका, तेच मोजून मला सांगा. शंभरातनं वजा मी करते.”

‘किती मेले?’ हा तिचा प्रश्न मी अठरा वर्षं रोज ऐकत होतो. कान असून बहिरा, दुसरं काय.

“मिस कॉल गेला, मेसेज आला, ॲप आलं. आकडा बाईच घालायची, म्हणून सगळं निभावलं. आता फोटो आला. बायांनी शिकवलेली रीत सोडली न्हाई. मेलेले ताटलीत, जिते गोणपाटावर, आणि फोटो गोणपाटाचा. मशीननं जे दिसलं ते इमानानं सांगितलं. आपण बायांना नवं काय करायचं ते शिकवलं, जुनं काय सोडायचं ते कोणीच सांगितलं न्हाई. आणि ती रीत ह्या ऑफिसात फक्त मला ठाऊक होती. दयानंदाची चूक न्हाई, बजरंगाची न्हाई, ह्या पोरीची तर बिलकुल न्हाई. माझी हाय.”

आप्पा उठले आणि करिश्माचं पाकीट तिला परत दिलं. मग बाईकडं वळले.

“धुरपताबाई, तुम्ही बोलला नसता तर कोणाला कळलं नसतं.”

“कळलं नसतं, पण उगवलंबी नसतं,” ती म्हणाली.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. मोठमोठ्या कंपन्यांत काय चालतं ते मी पेपरात वाचतो. चूक झाली की सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात. आमच्या सातवी पास बाईनं एका दिवसात तिघांना सोडवलं आणि स्वतःचं नाव स्वतः सांगितलं.

तेवढ्यात करिश्मा ओरडली, “मावशी! म्हणजे खरे आकडे आपल्याकडंच आहेत! मोड मशीननं बरोबर मोजलेत. बायांनी शंभर मांडले असतील तर जितके मोड तितके टक्के. नवी चाचणी कशाला पाहिजे?”

बजरंग तिच्या शेजारी जाऊन बसला, या वेळी न लाजता. अर्ध्या तासात दोघांनी एक्केचाळीस घरांची नवी यादी काढली. पंधरा घरांचं बी चांगलं. सव्वीस घरांचं सत्तराच्या आत. आता प्रत्येक बाईला विचारायचं होतं, शंभरच मांडले होते का, आणि सव्वीस जणींना सांगायचं होतं, हे बी पेरू नका.

“फोन मीच करते,” धुरपताबाई म्हणाली. “चूक माझी म्हणून सांगते.”

“कंपनीची चूक म्हणा,” आप्पा म्हणाले.

“न्हाई आप्पा. त्या बाया कंपनीला ओळखत न्हाईत. मला ओळखतात.”

नंबर मी लावून दिला. पहिला नागाबाईचा. तुझ्या एका शब्दावर पेरणी करत आले आणि तूच घात केलास, असं ती म्हणाली तर? मग बाकीच्या चाळीस जणी तरी का ऐकतील? फोन स्पीकरवर होता आणि आम्ही सगळे उभे होतो.

धुरपताबाईनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, गोड केलं नाही. पलीकडून शेळीचं ओरडणं तेवढं ऐकू येत होतं.

“हाव, शंभरच मांडले होते,” नागाबाई अखेर म्हणाली. “शेचाळीस ताटलीत निघाले, तवा माझ्या मनात आलं होतं. पण फोनात अठ्ठ्याण्णव दिसलं, म्हटलं धुरपताबाई काय आपल्यापेक्षा कमी शिकलेली हाय का.”

धुरपताबाईनं पदर डोळ्यांना लावला. “नागाबाई, माफ करा. अठरा वर्षांचा भरोसा मी—”

“ते राहू द्या. माझी साठी होऊन गेली, चूक माझी झाली म्हणून फोन करणारं माणूस आजच ऐकून राहिले. आता पेरू काय, ते सांगा.”

बाईनं यादीवरून बोट फिरवलं. डोळे पाण्यानं भरलेले, तिला नीट दिसेना. करिश्मानं तिच्या बोटाखाली एक नाव दाखवलं.

“तुमच्याच गावात गुणाबाईचं ब्याऐंशी हाय. तिच्याकडं बी जास्तीचं हाय. बदल्यात बाजारात विकायला तुमचं द्या.”

“गुणाबाई? बांधावरची?” नागाबाईचा आवाज चढला. “बाई, चार वर्षं झाली, तिचं तोंड बघत न्हाई मी.”

धुरपताबाईनं यादी खाली ठेवली. पलीकडून भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग चपला ओढल्याचा.

“तुम्ही जा म्हणून राहिल्या,” नागाबाई म्हणाली, “तर जाते.”